नऊ कासवं, लेबलासकट

२ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून नवं आयुष्य. पिंपळगावच्या पॅकहाऊसमधून रिटायर होऊन बत्तीस दिवस झाले. एकतीस वर्षं द्राक्षांची क्वालिटी बघितली, आता निसर्गाची बघणार. निरोप समारंभात मिळालेला कॅमेरा बॉक्समधून बाहेर काढला. झूम भरपूर आहे. मॅन्युअल वाचायची गरज वाटली नाही.

संकल्प. एक, रोज पहाटे नदी. दोन, फक्त कासवं. पक्ष्यांचे फोटो कोणीही काढतं, माझा मेहुणा योगेशसुद्धा काढतो. तीन, फेब्रुवारीत फोटोग्राफी क्लबचं प्रदर्शन आहे, त्यात पहिला नंबर. प्रवेशिकेची शेवटची तारीख पंधरा फेब्रुवारी. चार, गोड बंद.

सकाळी ११.३०
नाशिकरोडहून स्कूटर काढली, ओढा गावाच्या पुढे नदीकाठानं गेलो. माकडटोपी घालूनही कान गारठले. एकशे चाळीस फोटो काढले. घरी येऊन बघितले तर सगळे दगडांचे. त्यातले दोन दगड नंतर पाण्यात शिरले होते, म्हणजे माझं निरीक्षण बरोबर होतं, वेळ चुकली. सौ. साधनानं शिरा केला होता. पहिला दिवस म्हणून खाल्ला.

६ डिसेंबर, शुक्रवार
जॅकपॉट. करंजटेकच्या खाली नदी वळते तिथं खोल डोह आहे. काठावर शेंदूर फासलेले सात दगड, हिरव्या बांगड्या, सुकलेली फुलं. साती आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचं ठाणं. लागूनच नवसाबाईंचा झेंडूचा मळा. बाई सत्तरीच्या, पण आवाज असा की पलीकडच्या काठावरचा माणूस वळून बघेल.

त्या म्हणाल्या, या पाण्यात कोण जाळं टाकत नाय, गळ टाकत नाय, आसरांचं पाणी हाय. त्यांच्या आजेसासूपासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी डोहावर दहीभात ठेवायची रीत आहे. आज शुक्रवारच होता. त्यांनी ताटावर चमचा वाजवला आणि या गं बायांनो, या, अशी हाक मारली. पाण्यात आधी काहीच नव्हतं. मग एकेक नाकाडं वर आलं. मोजली. नऊ. सगळ्यात मोठी परातीएवढी, मऊ पाठीची. तिला त्या थोरली म्हणतात. थोरली थेट त्यांच्या पायाशी आली आणि भात खायला लागली.

नवसाबाईंनी एकच गोष्ट मागितली. म्हणाल्या, भाऊ, फोटो काय काढायचे ते काढा, पण जागा कोणाला सांगू नका. ह्या बाया माणसाला भीत नाहीत, तेच वंगाळ हाय.

शब्द दिला. मी दिलेला शब्द एकतीस वर्षांत एकाही बागायतदाराच्या बाबतीत फिरवलेला नाही.

८ डिसेंबर, रविवार
फोन दुपारपासून हातात. निसर्गछंदी लोकांच्या ग्रुपवर थोरलीचा फोटो टाकला. अकरा लाईक. त्यात साधनाचा एक, तो धरला नाही तरी दहा.

इतरांच्या फोटोंखाली काय लिहिलेलं असतं? सकाळची कोवळी उन्हं. निसर्गाची किमया. ह्याला माहिती म्हणत नाहीत. आमच्याकडे क्रेटवर लेबल नसेल तर माल डॉकवरून परत येतो. प्लॉट नंबर, तारीख, वेळ, साईज, ग्रेड, सगळं हवं. माल कुठून आला ते सांगता आलं पाहिजे, ट्रेसेबिलिटी म्हणतात त्याला. म्हणून मी प्रत्येक फोटोखाली पूर्ण लेबल दिलं. के-१ (थोरली), ग्रेड ए, दिनांक, वेळ ८.४०, पाठ अंदाजे दोन फूट, आणि जीपीएस.

नवसाबाईंना दिलेला शब्द लक्षात आहे. जागा सांगितलेली नाही. गावाचं नाव, नदीचं नाव, रस्ता, काहीही लिहिलेलं नाही. जीपीएस म्हणजे नुसते आकडे.

योगेशनं कॉमेंट टाकली. दाजी, फोटो बरा आलाय, आधी ते लोकेशन काढा. सगळ्यांसमोर. स्वतःच्या खंड्या पक्ष्याच्या फोटोला सात लाईक आले की माणूस असा होतो.

९ डिसेंबर, सोमवार
एका सभ्य माणसाचा खासगी मेसेज आला. नाव कूर्मप्रेमी. खरं नाव लिहिलेलं नाही, नम्र माणसं लिहीत नाहीत. म्हणतो, शेखर सर, एवढी शिस्त या ग्रुपवर कोणाकडे नाही. तुमचं लेबल बघून आनंद झाला. थोडा फीडबॅक दिला तर चालेल का?

चालेल काय, मी वाटच बघत होतो. पहिला फीडबॅक असा की फोटोत मापाला काही नाही, कासव केवढं ते कळत नाही. शेजारी ओळखीची वस्तू ठेवा.

किती बरोबर आहे. माझ्या कसं लक्षात आलं नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार
द्राक्षाचं रिकामं क्रेट डोहाच्या काठावर ठेवलं. रंग निळा, चित्रात उठून दिसतो. कासवं आधी बिचकली, मग नवसाबाईंची हाक आली तशी आली. नवसाबाईंनी विचारलं, हे खोकं कशाला? मी म्हणालो, शास्त्रीय कामाला.

नऊच्या नऊ नोंदल्या. के-१ ते के-९. ए ग्रेड तीन, बी चार, सी दोन. के-७ ची पाठ एका बाजूला कुरतडलेली आहे, आमच्याकडे ती रिजेक्टमध्ये गेली असती. मी मोठ्या मनानं सी दिला.

१७ डिसेंबर, मंगळवार
कूर्मप्रेमीचा फीडबॅक क्रमांक दोन. क्रेट छान सर, पण अंदाजे हा शब्द तुमच्यासारख्यांना शोभत नाही. वजन असेल तर रेकॉर्ड जागतिक दर्जाचं होईल.

जागतिक हा शब्द त्यानं वापरला, मी नाही.

१८ डिसेंबर, बुधवार
बुधवारी नवसाबाई पहाटेच झेंडू घेऊन नाशिकच्या फुलबाजारात जातात. बरं झालं. समोर असत्या तर उगाच घाबरल्या असत्या. त्यांच्या घरात आसरांच्या बायांना हात लावत नाहीत.

घरातला वजनकाटा नेला होता, ज्यावर साधना उभी राहते आणि मग दिवसभर बोलत नाही तो. त्यावर फळी, फळीवर दहीभात. थोरली आपणहून चढली. अठरा किलो दोनशे. के-४ नं अंगठ्याला चावा घेतला. रक्त आलं, पण वजन मिळालं. विज्ञानाला किंमत असते.

साधनानं विचारलं, काटा कुठं होता. दुरुस्तीला दिला होता म्हणालो. तिनं अंगठ्याकडे बघितलं. काट्याला दात आहेत का, म्हणाली.

२२ डिसेंबर, रविवार
फीडबॅक तीन. सर, पाठीचे फोटो जगात लाखो आहेत. पोटाचा कोणाकडे नाही. आणि नख्या. प्रत्येक पायाच्या नख्या मोजता येतील असा क्लोजअप. तोंडाचे खूप झाले, ते नकोत.

ह्याला म्हणतात नजर. आमच्या पॅकहाऊसमध्येही नवीन पोरं घडाचा फोटो समोरून काढायची. घड उलटा करून देठ बघितल्याशिवाय मी कधी पास केलेला नाही.

२५ डिसेंबर, बुधवार. सकाळी ९
सुट्टीचा दिवस, काठावर कोणी नाही. फुलबाजार चालू, म्हणजे नवसाबाईही नाहीत. नऊपैकी आठ उलटी केली. उलटं कासव पाय हलवत राहतं, त्यामुळे नख्या ब्लर येतात. शेवटी एका हातानं पाय धरायचा, दुसऱ्या हातानं क्लिक, अशी पद्धत बसवली. के-२ चा फोटो इतका स्वच्छ आला की मीच माझ्या पाठीवर थाप मारली असती, पण हात चिखलाचे होते.

थोरलीला उलटं करायला जोर लागला. ती खाली पडली तेव्हा तोंडातून हवा सोडल्यासारखा आवाज आला. तो मला आवडला नाही. पण कामात भावना आणायच्या नसतात.

२७ डिसेंबर, शुक्रवार
फीडबॅक चार. आता आवाजासकट व्हिडिओ हवा. सर, ती माउली कशी बोलावते ते ऐकायला मिळालं तर धन्य होऊ. हाक स्वच्छ यायला हवी, मध्ये तुम्ही बोलू नका.

मध्ये बोललो नाही. ताटाचा आवाज, हाक, पाण्यातून आलेली नऊ नाकाडं, सगळं दोन मिनिटांत. नवसाबाईंना मोबाईलवर दाखवलं. स्वतःचा आवाज ऐकून त्या लाजल्या. असा भसाडा हाय होय माझा, म्हणाल्या. मी म्हणालो, उत्तम आहे, मुंबईपर्यंत पोचेल.

लगेच पाठवला. कूर्मप्रेमीनं हात जोडल्याची सहा चित्रं पाठवली. विचारलं, अमावस्येच्या आसपास कासवं जास्त वर येतात का, सर? निरीक्षण करा. अभ्यासू माणूस. चंद्राचा परिणाम माझ्या डोक्यातही आला नव्हता.

३१ डिसेंबर, मंगळवार
काल अमावस्या झाली. आज नवसाबाईंनी हाक मारली, सात आली. के-२ आणि के-५ नाहीत. नवसाबाई अर्धा तास ताट वाजवत होत्या.

कारणं. एक, थंडी. निफाडचा पारा पेपरात आला होता. दोन, वर्षअखेर. तीन, दोन्हीही आळशी होत्या, मी नोंद केली होती. काळजीचं कारण नाही. साठा मोजताना दोन नग इकडेतिकडे होतातच.

काठावर लिंबू कापून टाकलेलं, तीन टाचण्या, काळा दोरा. लोक कचरा कुठंही टाकतात. ओल्या मातीत टायरचे ठसे, रुंद. वाळूवाले असावेत. क्रेट जागेवर नव्हतं. ते मात्र चोरीला गेलं, ह्याचं वाईट वाटलं.

नवा संकल्प : नव्या वर्षात गोड बंद.

६ जानेवारी, सोमवार
कूर्मप्रेमीला कळवलं की दोन कमी झाल्या. त्यानं दुःख व्यक्त केलं. मग म्हणाला, सर, लहानांवर वेळ घालवू नका, थोरली ही तुमची मास्टरपीस आहे. तिच्यावर लक्ष केंद्रित करा. रोज एकाच वेळी, एकाच जागी खायला घाला म्हणजे पोझची सवय लागेल.

ह्याला संपादकाची नजर म्हणतात. माझ्या फोटोंत आता कचरा उरलेला नाही. पहिल्या महिन्यातले फोटो बघितले की हसू येतं. तेव्हा मी कासव कुठं आहे एवढंच बघत होतो.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
डोहावर नवसाबाईंनी तिळगूळ दिला. गोड बंद आहे, पण त्यांना वाईट वाटेल. चार लाडू. त्यांनी आसरांपुढे हळदीकुंकू वाहिलं. के-२ आणि के-५ साठी दोन बांगड्या वेगळ्या ठेवल्या. त्या कुठं गेल्या असतील हो भाऊ, असं मला तीनदा विचारलं.

मी म्हणालो, वरच्या अंगाला गेल्या असतील, कासवं फिरतात. त्यांना धीर आला. धीर देणं हेही काम आहे.

१८ जानेवारी, शनिवार
योगेश घरी आला होता. चहा संपवला, मग सुरू झाला. दाजी, कासवाच्या नख्यांचे फोटो कोण मागतं, विचार केलात का? वजन कोणाला लागतं? गुप्तधन काढायला, पैशाचा पाऊस पाडायला असली कासवं वापरतात, अमावस्येला वापरतात, पेपर वाचत नाही का तुम्ही? तो माणूस कोण आहे, कधी भेटलात?

मी शांतपणे सांगितलं की कूर्मप्रेमी मला सर म्हणतो, शुद्ध भाषेत लिहितो, आणि त्याच्यामुळे माझे फोटो कुठल्या कुठं गेलेत. योगेश म्हणाला, फोटो नाही, कासवं कुठल्या कुठं गेलीत. माझ्या आवाजाची पट्टी थोडी वर गेली. साधना त्याच्या बाजूनं बोलली. रक्ताचं नातं.

जाताना तो म्हणाला, मी वनखात्यात जाऊन येतो. जा म्हणालो. मत्सराला औषध नाही.

रात्री जेवताना लेबलवरचं जीपीएस काढून टाकायचा विचार मनात आला. पण सत्तेचाळीस पोस्ट आहेत. प्रत्येक एडिट करायची म्हणजे दोन तास. शिवाय आता काढलं तर योगेश म्हणेल, बघा, मी सांगितलं होतं.

२५ जानेवारी, शनिवार
प्रसिद्धी. करंजटेकच्या फाट्यावर पांढरा टेम्पो थांबला होता. दोघे जण खाली उतरून म्हणाले, शेखर सर ना? आम्ही तुमचे फोटो बघतो. माझ्याबरोबर सेल्फी काढली. माझ्या लेबलचं कौतुक केलं. मग डोहापर्यंत टेम्पो जातो का, असं विचारलं. मी म्हणालो, जातो, पण पावसाळ्यात अवघड. आता कोरडं आहे म्हणाले.

घरी येऊन साधनाला सांगितलं की मला रस्त्यात ओळखतात. ती म्हणाली, कोण होते? नावं विचारायची राहिली. चाहत्यांची नावं विचारत नाहीत.

२८ जानेवारी, मंगळवार
आज नवसाबाईंनी हाक मारली नाही. दहीभात ठेवून दगडांपाशी बसून होत्या. चेहरा उतरलेला. विचारलं तेव्हा म्हणाल्या, काल दिवेलागणीला मी चुलीपुढं होते. दारातूनच डोहाकडून हाक आली. ताट वाजलं. या गं बायांनो, या. भाऊ, माझाच आवाज. मी घरात, आन माझा आवाज पाण्यावर. दोनदा आला.

आसरा आपल्याच आवाजात हाक मारते तेव्हा आपलं बोलावणं आलं, असं त्यांच्या सासूनं सांगितलं होतं म्हणे. सुनेला त्यांनी मळ्याचं सगळं समजावून सांगितलंय. कोणत्या वाफ्यात काय, बी कुठं ठेवलंय, सगळं.

मी सांगितलं की पाण्यावरून आवाज परत येतो, हे शास्त्र आहे. सकाळचा आवाज संध्याकाळी येतो का, असं त्यांनी विचारलं. थंड हवेत येऊ शकतो म्हणालो.

घरी येताना स्कूटर रस्त्याकडेला उभी करून थोडा वेळ बसलो. छातीत जळजळत होतं. शेंगदाणे जास्त झाले.

३१ जानेवारी, शुक्रवार
परवा अमावस्या झाली. आज दोन आल्या. के-७ आणि के-९. दोन्ही सी ग्रेड.

थोरली नाही.

पाण्यावर हिरव्या जाळीचा तुकडा होता. काठावरचं गवत लोळवलेलं. दहीभाताचा ढीग पडलेला, नवसाबाईंचा नव्हे, त्यांचा भात मोकळा असतो. सात दगडांतला एक आडवा झाला होता. तो मी उभा केला, शेंदूर हाताला लागला, अजून निघत नाही.

कारणं. एक,

२ फेब्रुवारी, रविवार
कूर्मप्रेमीला बारा मेसेज. सर्वांवर एकच टिक. त्याचं खातं दिसत नाही. नेटवर्कचा प्रश्न असणार. आजारीही असू शकतो. तेरावा मेसेज केला, तब्येतीची काळजी घ्या.

साधनानं हे सगळं बघितलं. जेवायला हाक मारली नाही, पान वाढून ठेवलं होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार
वनखात्याच्या ऑफिसातून फोन आला. हायवेवर एक टेम्पो पकडलाय, कासवं सापडलीत, त्या संदर्भात तुमची मदत हवी. उद्या या.

मदत हवी. म्हणजे तज्ज्ञ म्हणून. ज्यांच्याकडे रेकॉर्ड असतं त्यांनाच बोलावतात. साधनाला पांढऱ्या शर्टला इस्त्री करायला सांगितलं. तिनं मला स्वतः करायला सांगितलं. सत्तेचाळीस निवडक फोटोंचा अल्बम लेबलासकट तयार केला. उद्या योगेशला कळवायचं की बघ, शेवटी लेबलच उपयोगी पडलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार
ऑफिसात मॅडम होत्या, वयानं माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी टेम्पोवाल्याच्या मोबाईलमधली यादी वाचून दाखवली. के-१, ए ग्रेड, अठरा किलो दोनशे, नख्या स्पष्ट, खाण्याची वेळ ८.४०, हाकेला येते. मग जीपीएस. मग विचारलं, ही मांडणी तुमची का?

मी हो म्हणालो. अभिमानानं म्हणालो, हे इथं खरं लिहितो. लेबल आमचंच आहे हे सांगायची एकतीस वर्षांची सवय. वाक्य संपल्यावर कळलं.

योगेशच्या अर्जावरून नाकाबंदी केली होती, म्हणून सापडले, असं त्यांनी सांगितलं. टेम्पोत द्राक्षाची निळी क्रेटं होती. त्यांत पाच कासवं, साईजप्रमाणे लावलेली. दोन आधीच गेलेली होती, डिसेंबरमधली, ती कुठं गेली ते कोणी सांगत नाही. पाचांपैकी तीन जिवंत. थोरली त्यांत नाही, मेलेल्या दोघींत होती. थोरलीच्या पायाला नख्या नव्हत्या.

मॅडमनी मागच्या खोलीत नेलं. जिवंत तिघींपैकी कोणती कोणती, ते सांगा म्हणाल्या, परत त्याच डोहात सोडायच्या आहेत. तीन टब होते. मी खाली वाकून बघितलं. माझ्याकडे प्रत्येकीची पाठ आहे, पोट आहे, वजन आहे. समोर तीन कासवं होती आणि मला एकही ओळखता येईना.

नवसाबाईंनी दारातून ओळखल्या असत्या. गावातलं कोणी ओळखेल का, असं मॅडमनी विचारलं. कोणी नाही म्हणालो.

जबाबावर सही केली. अल्बम तिथंच ठेवून घेतला, पुरावा म्हणून. पावती मिळाली.

१२ फेब्रुवारी, बुधवार
सगळ्या पोस्ट डिलीट. एक तास पन्नास मिनिटं लागली. योगेशला फोन लावला आणि तो उचलायच्या आत बंद केला.

संकल्प. एकच. शुक्रवारी नवसाबाईंना सगळं सांगायचं. काय झालं, कोणी केलं. सुरुवातीची वाक्यं पाठ केली. नवसाबाई, मला तुम्हाला काही सांगायचंय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
सांगायला गेलो.

त्याच आधी बोलायला लागल्या. म्हणाल्या, भाऊ, माझ्याच हातनं चुकलं. मार्गशीर्षात एका शुक्रवारी मी ताप आला म्हणून सुनेला धाडलं होतं नैवेद्य घेऊन. तिचा विटाळ होता, मला नंतर कळलं. तवापासून आसरा रुसली. थोरलीला घेऊन गेली. आता हाक मारायची मला भ्या वाटती. माझा आवाज त्यांनी घेतलाय.

त्यांच्या सुनेशी त्या दोन आठवडे बोललेल्या नाहीत. सून वाफ्यात खुरपत होती, तिनं वर बघितलं नाही.

नवसाबाई, मला तुम्हाला काही सांगायचंय, एवढं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, आधी माझं ऐका. तुमच्याकडं थोरलीचे लय फोटो असतील. एक द्या मला. त्या दगडापाशी ठेवीन, रोज तिची माफी मागंन. तिचा चेहरा दिसंल असा द्या, बाकी काय नको.

देतो म्हणालो. मंगळवारी आणतो.

दुसरं सांगायचं ते मंगळवारीच सांगीन. फोटो हातात असला की सोपं जाईल.

१५ फेब्रुवारी, शनिवार
प्रदर्शनाची शेवटची तारीख. विसरलो.

१६ फेब्रुवारी, रविवार
कॉम्प्युटरवर एकूण फोटो एक हजार तीनशे बारा. त्यांपैकी थोरलीचे चारशे सहा. सकाळी आठपासून बघतोय. क्रेटशेजारी पाठ. काट्यावर पाठ. पोट. डावा पुढचा पाय, उजवा पुढचा पाय. नख्या. नख्या. शेपूट. पाठीचं माप, टेपसह. सगळे शार्प.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातले फोटो जागा रिकामी करायला उडवले होते. तोंडाचा एकही नाही.

दुपारी ४
एक मिळाला. फोटो उजव्या पायाचा आहे, पण वरच्या कोपऱ्यात तोंड आलंय. क्रॉप करून मोठं केलं. एक डोळा दिसतो, नाक दिसतं. खालच्या अर्ध्यावर अंगठा आहे, तिला दाबून धरलेला. चाव्याची पट्टी लावलेली.

साधना मागे येऊन उभी राहिली होती. हाच देणार का, म्हणाली. दुसरा नाही म्हणालो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी १०
प्रिंट आठ बाय दहा, पाण्याजवळ राहायचा म्हणून लॅमिनेशन केलेला.

वनखात्यानं रविवारी तिघींना सोडलंय. आज पाण्यात काही हललं नाही. नवसाबाईंनी हाक मारली नाही.

त्यांनी फोटो दोन्ही हातांनी घेतला. डोळ्याला लावला. दगडाला टेकवून ठेवला, हळद वाहिली, कुंकू वाहिलं. कुंकवाचं बोट थोरलीच्या कपाळावरून खाली आलं आणि थांबलं. त्यांनी फोटो उचलून उन्हात धरला.

विचारलं, भाऊ, हा अंगठा कोणाचा?

मी म्हणालो, असेल कोणाचा तरी.